वेळ अमावास्येची खीर

मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या रात्री धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत फारसे कोणी झोपत नाही. निदान घरातील स्त्रिया तरी झोपत नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळ अमावास्या असते. गावातील माणसे तिला येळवस म्हणतात. उजाडताच घरदार शेतावर जावयाचे, ज्वारीच्या उभ्या पिकाजवळ कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडवांची पूजा करावयाची आणि मग ज्यांना शेत नाही अशा स्नेह्यांनाही आग्रहाने बोलावून पंगत बसवावयाची, असा त्या दिवसाचा परिपाठ आहे. त्या पंगतीसाठी रात्रभर चुली पेटलेल्या असतात. हिरव्या दाण्यांची व पालेभाज्यांची भज्जी, ताक घातलेली आंबील, बाजरीचे उंडे आणि या सर्वांच्या जोडीला गव्हाची खीर. १९८२ साली लातूर हा वेगळा जिल्हा झाला, २०२३ साली उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. अमावास्येचा बेत मात्र दोन्हीकडे एकच राहिला.

हा मुलूख ज्वारीचा. रोजच्या ताटात भाकरी असे आणि गहू सणावारापुरता कणगीतून बाहेर निघे. त्यामुळे गव्हाची खीर म्हणजे केवळ गोड पदार्थ नव्हता; वर्षभर जपून ठेवलेले धान्य त्या दिवशी मोकळ्या हाताने रांधले जाई.

अलीकडे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात की, एवढा खटाटोप कशासाठी? पैसे टाकले की मिठाईचा पुडा हाती येतो. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. भूम तालुक्यातील खवा आणि कुंथलगिरीचे पेढे दूरदूरच्या गावी जातात आणि त्यावर या कमी पावसाच्या भागातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. दूध आटवून त्याचा पाचव्या हिश्श्याच्या आसपास खवा उरेपर्यंत कढईजवळ उभे राहणे आणि ते करपू न देणे, हे रोज तेच काम करणाऱ्या हातांनाच साधते. तेव्हा पेढा पेढेवाल्याकडून घ्यावा; त्यात कमीपणा काहीच नाही. खिरीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती ताजीच खावयाची असते, पुड्यात बंद होऊन ती चार दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत नाही. शिवाय तिला लागणारे जिन्नस बहुतेक घरी असतातच. वाटीभर गहू, तेवढाच गूळ, सुंठ, खोबरे, चिमूटभर खसखस.

मात्र ती करणाऱ्यास घाई चालत नाही. गव्हाच्या दाण्यावर कोंड्याचे टणक आवरण असते आणि ते पाण्याला सहजासहजी आत शिरू देत नाही. म्हणून गव्हाला आधी पाण्याचा हात लावून थोडा वेळ फडक्यात बांधून ठेवतात व मग उखळात सडतात. ओलसर झालेली साल दाण्यापासून सुटते. सुपात पाखडून कोंडा काढला की गहू रात्रभर भिजत घालावयाचे. दुसऱ्या दिवशी ते मंद आचेवर शिजू लागले म्हणजे दाण्यातील पिष्ट पाणी पिऊन फुगते, त्याचा काही अंश बाहेर येतो आणि पातेल्यातील पाणी हळूहळू दाट होते. खिरीचा दाटपणा तो हाच. पळी मात्र सारखी फिरती ठेवावी लागते, कारण हेच पिष्ट बुडाशी बसले की करपते.

गुळाची वेळ चुकली तर सगळे फसते. गहू मऊ होण्याआधीच गूळ पडला, तर तो पाणी आपल्याकडे ओढून धरतो आणि दाणे कितीही शिजवले तरी चिवटच राहतात. दुधाचेही तसेच. गुळाच्या उकळत्या खिरीत दूध ओतले की बहुधा ते फाटते, कारण गुळात किंचित आम्लता असते. आम्लाने दूध फाटते हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकात पाठ करावयाचे आणि घरी त्याच कारणाने खीर नासू द्यावयाची, हा विचित्र न्याय होय! जाणत्या स्त्रिया खीर वाढल्यावर वाटीत निवविलेले दूध घालतात व वर तुपाची धार धरतात. प्रयोगशाळेवाचून त्यांना हे कळले, ते कधीकाळी एखादे पातेले नासूनच कळले असेल.

असे ज्ञान काही एकाच गावाचे नाही. तुर्कस्तानात मोहरमच्या दिवसांत गहू, कडधान्ये आणि सुका मेवा शिजवून ‘आशुरे’ नावाची खीर करतात आणि तिच्या वाट्या भरून शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवतात. युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या सायंकाळी ‘कुत्या’ करतात. तीतही गहू असतात, गुळाच्या जागी मध असतो आणि खसखस तर असतेच. धाराशिवच्या आजीबाईने ती चाखली, तर तिला ती परकी वाटणार नाही. ईदच्या दिवशी मराठवाड्यातील गल्लीगल्लीतून शेजारी जाणारा शिरखुर्मा याच कुळातला. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. कोणत्याही देशात पाहावे, खीर एकट्यापुरती शिजत नाही. पातेले नेहमी घरातील माणसांपेक्षा मोठे असते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. घरची खीर म्हणून जी वाखाणली जाते, ती बहुधा घरातील एकाच व्यक्तीने केलेली असते. मुसळ तिच्या हाती, पळी तिच्या हाती, चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत आणि पंगतीला मात्र ती सर्वांच्या शेवटी. अमावास्येच्या सकाळी जड पाटी डोक्यावर घेऊन शेताची वाट चालणारीही पुष्कळदा तीच. असे असताना ‘जुने पदार्थ आता राहिले नाहीत’ म्हणून ओसरीवर बसून हळहळणाऱ्यांनी आधी उखळाजवळ जाऊन बसावे. ‘आईच्या हातची चव’ हे शब्द कौतुकाचे खरे. परंतु स्वतःचे हात मोकळे ठेवण्यास ते फार सोयीचेही आहेत. एकीच्या श्रमांवर चालणारी खीर बंद पडली, तर तिचा दोष त्या एकीला देता येणार नाही.

म्हणून खीर घरीच व्हावी, परंतु ती सर्वांच्या हातून व्हावी. अकरा-बारा वर्षांच्या मुलास मुसळ पेलणार नाही; पण गहू निवडणे, गूळ चिरणे, खोबरे किसणे त्याला सहज जमेल. थोरांच्या देखरेखीखाली पळीही फिरवता येईल. या कामांपैकी एकही काम हात मुलाचा की मुलीचा, असे विचारीत नाही. आता सर्व घरी उखळ नाही, तर त्यावाचून अडू नये. ओलवलेले गहू मिक्सरमध्ये क्षणभर थांबत थांबत फिरवले तरी कोंडा सुटतो, आणि कुकरमध्ये ते कितीतरी लवकर शिजतात. यंत्राचा हात लागला म्हणजे खिरीची गोडी गेली, असे म्हणणाऱ्याने एकदा अर्धा पायली गहू स्वतः सडून पाहावेत.

एवढे झाल्यावर वाढण्याचा क्रम तेवढा उरतो. जिने रात्र जागून काढली, तिचे पान पहिल्या पंगतीत मांडावे आणि वाढण्यास इतरांनी उठावे. पातेल्याच्या बुडाशी खरपूस खरवड शिल्लक राहते. तिच्यासाठी मुलांत भांडण ठरलेलेच. ज्यांनी पळी फिरवली असेल त्यांना ती आधी मिळावी. बाकीच्यांनी पातेले घासावे.