फुलांचा चहा प्या, पण धुरा कोणी फवारला तेही विचारा

राजेहो, सध्या मोबाईलवर रानफुलांच्या चहाचे व्हिडिओ लई फिरून राहिले. गोकर्णाचा निळा चहा, पळसाचा केशरी चहा. शहरात याची पाकिटं विकली जातात. आपल्या वर्धा जिल्ह्यात मात्र पळस फुकट फुलतो आणि गोकर्णाचा वेल कुंपणावर आपोआप चढतो.

पळसाचा चहा आमच्या घरी असा होतो. फाल्गुनात सकाळी ताजी फुलं आणायची, देठाकडचा काळपट मखमली भाग काढून टाकायचा, पाकळ्या धुऊन सावलीत वाळवायच्या. कपभर उकळत्या पाण्यात चार-पाच पाकळ्या टाकून पाच मिनिटं झाकून ठेवायच्या. मग थोडा गूळ, लिंबू. झालं. गरोदर बाईनं मात्र वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ओळखीचं नसलेलं फूल कपात टाकूच नका. कण्हेर, कळलावी दिसायला सुंदर, पण दोन्ही विषारी.

आता खरा मुद्दा. फूल ओळखीचं असलं तरी ते सुरक्षित आहे का?

गोकर्ण, रानतुळस, तरोटा हे सगळं धुऱ्यावर, नाल्याकाठी, पांदणीच्या कडेला येतं. पावसाळ्यात नेमका तिथंच तणनाशकाचा पंप चालतो. ग्लायफोसेटसारखं औषध पानातून झाडाच्या आत शिरतं. ते धुऊन जात नाही. फवारलेलं झाड पिवळं पडायला काही दिवस लागतात, तोवर फूल ताजंच दिसते. तोडणाऱ्याला कसं कळणार?

याच ग्लायफोसेटबद्दल केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढली, की ते फक्त कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या अधिकृत लोकांमार्फतच वापरावं. गावात मात्र ज्याच्या पाठीवर पंप, तोच फवारतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हतं. पण फवारताना काळजी कोण घेतं, हा प्रश्न तोच आहे.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. कपाशीत तण वाढलं की माणूस हातघाईवर येतो. पण धुरा, गायरान, शाळेमागची जागा, नाल्याचा काठ इथं कोणतं पीक आहे? तिथं फवारून आपण काय वाचवतो? तिथलं तण कापलं तर बकऱ्यांना चारा होतो, मधमाशीला फुलं राहतात आणि रानभाजी आणणाऱ्या म्हातारीला चार जुड्या मिळतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, की गावाच्या सामाईक जागेवर तणनाशक फवारायचं नाही, तण मजुरांकडून कापून घ्यायचं. ज्यांना जमेल त्यांनी आपला एक तरी धुरा बिनफवारणीचा ठेवावा आणि शेजाऱ्यालाही सांगावं. दरवर्षी रानभाजी महोत्सव भरतात, फोटो निघतात. ती भाजी आणि ती फुलं जिथं उगवतात ती जागा जपली नाही, तर पुढं महोत्सव कशाचा भरवणार?

तुमच्या गावात धुऱ्यावर फवारणी होते का? कमेंटमध्ये गावाचं नाव टाकून सांगा.