मैदानातल्या गाण्यांना गोष्ट द्या

मोठ्या मैदानात लोकांना फक्त गाणी हवी असतात, गोष्ट सांगत बसलं की गर्दी उठून जाते, असं आपल्याकडचे आयोजक छातीठोकपणे सांगतात. यंदाच्या थंडीत बाहेरून आलेला एक 'भव्य संगीतमय' प्रयोग मीही पाहिला. नाव घेत नाही, कारण दोष त्या एका ताफ्याचा नाही, रीतच तशी पडली आहे. वासुदेव आला, मग लावणी, मग कोळीगीत, पोवाडा, भीमगीत, शेवटी पडद्यावर गड आणि भरपूर धूर. नर्तक कसलेले, गाणी सगळी तोंडपाठ. पण वासुदेव का आला आणि कोळी कुठे गेले, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. निवेदक अधूनमधून येऊन टाळ्या मागायचा, तेवढाच काय तो सांधा.

माझी तक्रार जुन्या गाण्यांबद्दल नाही, हे आधीच सांगतो. तयार गाण्यांवर कार्यक्रम उभा करणं म्हणजे आळस, असं म्हणणारे जाणकार पुण्या-मुंबईकडे पुष्कळ आहेत. त्यांचं मला पटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि पाठोपाठ 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, तेव्हा साकी आणि दिंडीच्या चाली लोकांच्या कानात आधीपासूनच होत्या. चाल ओळखीची, प्रसंग नवा, म्हणून प्रेक्षक पहिल्या पदापासून नाटकात शिरत असे. लंडनमध्ये एप्रिल १९९९ मध्ये 'मामा मिया' हे संगीतनाटक सुरू झालं, तेही याच वाटेनं. 'आबा' या स्वीडिश चमूची वीसेक वर्षांपूर्वीची गाणी घेतली आणि त्यांच्यावर एका मुलीच्या लग्नाची गोष्ट बेतली. आपला बाप तिघांपैकी कोण हे तिला ठाऊक नाही, म्हणून ती तिघांनाही लग्नाला बोलावते. गाणी त्या गोष्टीसाठी लिहिलेलीच नव्हती, तरी ती तिथलीच वाटतात. (आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तोही त्याच साली, १ मे रोजी. पंचविशी उलटली, तरी आपल्या जिल्ह्याची म्हणावी अशी एकही नाट्यकृती सांगता येत नाही.)

आता मैदानाकडे वळतो, कारण खरा वाद तिथे आहे. उघड्यावर संवाद टिकत नाही हे खरंच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १०० मीटरवर बसलेल्याला ओठ हलताना आधी दिसतात आणि शब्द जवळजवळ एक तृतीयांश सेकंदानं पोचतो. मागे स्पीकर लावले तर ते तेवढेच उशिरानं वाजवावे लागतात, नाहीतर एकच वाक्य दोनदा कानावर पडतं. त्यात वारा, लेकरांची रडारड आणि बाजूच्या आकाशपाळण्यांचे भोंगे. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'नं यावर ध्वनिमुद्रणाचा तोडगा काढला. शब्द आधीच मुद्रित, नटांनी हालचाल तेवढी करायची. दीडदोनशे कलावंत, घोडे, हत्ती आणि हजारो प्रेक्षक, असा तो खेळ वर्षानुवर्षं गावोगाव चालला. गोष्ट सांगितली म्हणून लोक उठून गेले, असं कुणी म्हणू शकेल का?

आणि लांब कशाला जायचं? हिंगोलीत ज्या मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं त्याचं नावच रामलीला मैदान आहे. दसरा महोत्सवाची ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. एकेकाळी निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी असलेलं हे गाव, मराठी, हिंदी, उर्दू अशा तिन्ही बोलींचं. रामलीलेतली तुलसीदासांची अवधी इथल्या किती जणांना शब्द न् शब्द कळत असेल? तरी गर्दी बसून राहते, कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. रामलीलेत गोष्ट ओळखीची आणि शब्द परके. गाण्यांच्या कार्यक्रमात नेमकं उलटं, शब्द पाठ असतात. वाऱ्यानं अर्धी ओळ नेली तरी ऐकणारा ती मनातल्या मनात पुरी करतो. म्हणून मी म्हणतो की मैदानावर नवी गोष्ट सांगायला ओळखीच्या गाण्याइतकं भरवशाचं साधन दुसरं नाही, आणि आपले आयोजक तेच फुकट घालवतात. कीर्तनकाराला हे शतकानुशतकं माहीत आहे. पाठ असलेला अभंग घ्यायचा आणि त्याच्या आधारानं आख्यान रंगवायचं.

तमाशाची गत पाहा. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, असा तो क्रम. वग म्हणजे गोष्ट, तीच फडाची खरी कसोटी. पुढे रंगबाजीच्या नावाखाली सिनेमातली गाणी वाढत गेली, फर्माइशी सुरू झाल्या आणि वग मध्यरात्रीपलीकडे सरकत सरकत आखडला. लोकांना हेच हवं होतं, असं आज म्हणतात. मला वाटतं, लोकांना तेही हवं होतं. 'तेही' आणि 'तेच' यांत फरक करण्याची तसदी कुणी घेतली नाही.

मग आपल्याकडे गोष्ट कोणती? नामदेवांची. जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आपल्या जिल्ह्यात, औंढा नागनाथही आपल्याच जिल्ह्यात. दासी म्हणून त्यांच्या घरी राहिलेली जनाबाई गंगाखेडची, म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्यातलीच. नामदेव, जनाबाई, गोरोबा, चोखोबा यांचे अभंग इथे शेतात, दिंडीत, सप्ताहात रोज म्हटले जातात. आणि प्रसंग असे, की मैदानासाठीच घडले असावेत. गोरोबाकाका संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुणाचं मडकं कच्चं ते तपासतात आणि कच्चे ठरतात नेमके विठ्ठलाचे लाडके नामदेव. हा प्रसंग शेवटच्या रांगेलाही हसवेल. रुसलेले नामदेव औंढ्याला येतात, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथेही पिंड. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळामागे घालवलं आणि देऊळच फिरलं, ही आख्यायिका औंढ्यात कुणीही सांगेल. धूर आणि एलईडी यांचा खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. पुढे पंजाबची वाट, तिथलं घुमान, आणि गुरू ग्रंथ साहिबातली नामदेवांची ६१ पदं. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं.

नामदेव नको असतील तर आजचे कवी आहेत. इंद्रजित भालेराव वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे, फ. मुं. शिंदे कळमनुरीतल्या रूपूरचे. भालेरावांच्या कविता इथली शाळकरी पोरं चालीवर म्हणतात. त्यांतून एका हळदीच्या शेतकऱ्याच्या घराची गोष्ट उभी राहू शकते. त्यात जयंतीला गावोगाव गाजणारी भीमगीतंही येतील, जात्यावरच्या ओव्याही येतील.

यावर दोन आक्षेप येतील. संतांना दिव्यांच्या झगमगाटात नाचवू नका, असं वारकरी मंडळी म्हणतील. त्यांची काळजी मी हलकी मानत नाही. पण एकनाथांनी सोंगं घेऊन भारुडं उभी केली तेव्हा संप्रदाय बुडाला नाही, उलट जे देवळाच्या पायरीशी थांबत होते त्यांच्यापर्यंत पोचला. संहिता आधी नर्सीच्या जाणत्यांपुढे वाचून दाखवावी, म्हणजे झालं. दुसरा आक्षेप पैशाचा. बाहेरचा ताफा आणायला आजही पैसा लागतोच. शिवाय तयार ट्रॅकवर ओठ हलवायला माणसं मुंबईहून कशाला आणायची? पखवाज आणि टाळ वाजवणारे गावोगावच्या भजनी मंडळांत आहेत, आणि ते प्रत्यक्ष वाजवतात.

नाटक पाहायचं म्हणजे आपल्याला नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह गाठावं लागतं. रात्री उशिरा परतायला गाडी नसते, म्हणून बहुतेकांच्या नशिबी हे मैदानच असतं. दसरा महोत्सवाच्या संयोजकांना आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की येत्या दसऱ्यात एक संध्याकाळ अशा प्रयोगासाठी राखून ठेवावी आणि तालमींसाठी जिल्ह्यातल्या कलावंतांना आत्ताच सांगावं. बाहेरचे ताफे बोलावायचे तर जरूर बोलवा, पण करारात दोन अटी घाला. वाद्यवृंद मंचावर प्रत्यक्ष वाजवेल, आणि प्रत्येक गाण्याच्या वेळी पडद्यावर कवीचं आणि संगीतकाराचं नाव येईल. सध्या त्या पडद्यावर प्रायोजकांची नावं येतात, तीही दर दहा मिनिटांनी.

आपला,
एक वाचक, कळमनुरी, जि. हिंगोली