खोक्यातली भाकर

आपल्या अभ्यासवर्गांत हल्ली एक टोमणा फार चालतो. 'पिझ्झा खाणारी पोरं काय क्रांती करणार!' टोमणा मारणारा बहुधा चहात बिस्कीट बुडवत असतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरनं रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालं होतं, हे त्याच्या गावीही नसतं. आज तेच बिस्कीट देशी झालं आणि पिझ्झा परका ठरला.

हा टोमणा दोन तोंडांतून येतो. एक आपल्यातला कडक पोथीनिष्ठ. त्याच्या मते पिझ्झा म्हणजे अमेरिकन भांडवलाचं पिल्लू. दुसरा संस्कृतिरक्षक. तो म्हणतो, मैद्याचं खूळ सोडा, आपली भाकर खा. एरवी या दोघांचं पटत नाही. आमच्या पोरांनी काय खाऊ नये यावर मात्र त्यांचं एकमत. दोस्तांनो, मला दोघांनाही उत्तर द्यायचंय. स्वस्त, हातात धरून खाता येणारा, घरी नेता येणारा पिझ्झा एवढी वर्षं टिकून का आहे, हा प्रश्न जिभेच्या चोचल्यांचा नाही. तो भुकेच्या हिशेबाचा आहे. आणि आपल्या देशात तो जातीचाही आहे.

आधी भाकरीचं बघू. भाकरीचं कौतुक ज्यानं आपल्या शेतातल्या जोंधळ्याची खाल्ली त्यानं खुशाल करावं. आमच्या आज्या-पणज्यांनी ती दारोदार गोळा केली. येसकराची पाळी आली की खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि टोपलं घेऊन गावात फिरायचं. दारापासून लांब उभं राहून हाळी द्यायची. मग वरनं तुकडा पडायचा. कधी सकाळचा, कधी कालचा, कधी बुरा आलेला. वर गाव म्हणणार, हा तर तुमचा हक्क! खरं सांगायचं तर या मुलखातलं पहिलं पार्सल आमच्याच माणसांनी नेलं. फक्त काय हवं ते सांगायची सोय नव्हती, आणि शिळं आलं तर परत करायची तर नव्हतीच नव्हती. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी बजावलं, शिळंपाकं मागून खाणं सोडा. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं. त्या टोपल्यापासून आपण किती लांब आलो हे मोजायचं असेल तर दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या असलेल्या आपल्या पोरीकडे बघा. पन्नासाची नोट टाकते आणि वर दटावते, 'गार निघाला तर परत आणीन हं.' यात तुम्हाला चंगळ दिसते. मला हक्क दिसतो.

आता पोथीनिष्ठाकडे वळू. पिझ्झा अमेरिकन भांडवलाच्या पोटी जन्मला, हेच मुळात खोटं. तो जन्मला नेपल्समध्ये. दक्षिण इटलीतलं हे बंदर म्हणजे हमाल, कोळी, रोजंदारीवाल्यांच्या कोंदट गल्ल्यांचं शहर. एका खोलीत अख्खं कुटुंब. चूल कुठे मांडणार? म्हणून भट्टी दुसऱ्याची आणि भूक आपली. पीठ, पाणी, मीठ, वर तेल किंवा चरबी, लसूण, पुढे टोमॅटो. फेरीवाला डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन फिरायचा. गिऱ्हाईकाच्या खिशात जेवढं नाणं तेवढाच तुकडा कापून द्यायचा. खिसा अगदीच रिकामा असला तर उधारी : आज खा, आठ दिवसांनी पैसे दे. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको. घडी घालून चालता चालता खायचं. ज्याच्याकडे चूल नाही, वेळ नाही आणि रोकडही पुरती नाही, अशा माणसाच्या मापानं हे अन्न शिवलेलं होतं. ते आजतागायत का टिकलं याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं.

आणि बड्यांना त्याची किळस यायची, हेही लक्षात ठेवा. पिनोकियो लिहिणारा कार्लो कोल्लोदी. लाकडी बाहुल्याची गोष्ट सांगून जगभरच्या पोरांना त्यानं रिझवलं. १८८० नंतरच्या त्याच वर्षांत त्यानं पिझ्झ्यावरही लिहून ठेवलं. मतलब असा की हा पदार्थ म्हणजे निव्वळ मळकट ओशट गिचका आहे, आणि विकणाऱ्याच्या अवताराला तो अगदी शोभतो. वाचल्यावर मला हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. अन्नाला घाण म्हणायचं आणि ती घाण खाणाऱ्याच्या कातडीला चिकटवून द्यायची. आमच्या चान्या, रक्ती आणि वजडीबद्दल हेच नाही का बोललं गेलं? त्याच सुमारास, १८८४ ला, नेपल्समध्ये पटकीनं हजारो माणसं मेली. गरिबांच्या गल्ल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं ते प्रेतं मोजताना.

मग १८८९ ची ती राणीची गोष्ट सांगतात. मार्गेरिता राणीनं टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीतल्या पानांचा पिझ्झा खाल्ला, तिला आवडला, तिचं नाव त्याला पडलं. ही गोष्ट नंतर रचलेली असावी, असं कित्येक इतिहासकार म्हणतात. पण ती टिकली कशी बघा! गरिबाच्या तुकड्याला मान मिळायला राणीची जीभ लागते. २०१७ साली युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला जागतिक वारशात घेतली. सव्वाशे वर्षांत मळकट गिचक्याचा वारसा झाला. गल्लीतल्या हमालाचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

तो हमाल अमेरिकेला गेला. तिथं इटालियन माणसाला कोण विचारतो! १८९१ ला न्यू ऑर्लीन्समध्ये गोऱ्या जमावानं तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारलं. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत त्यांनी आपलं अन्न जपलं. १९०५ च्या आसपास मॅनहॅटनमध्ये लोंबार्डींचं दुकान सुरू झाल्याचं मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या भट्ट्या आल्या, तुकड्यावर विक्री पसरली, आणि साऱ्या शहराला हा तुकडा हवासा झाला. माणूस नको, त्याचं जेवण पाहिजे. ही तऱ्हाही आपल्या ओळखीचीच.

न्यूयॉर्कात एक गंमत आहे. पिझ्झ्याचा एक तुकडा आणि भुयारी रेल्वेचं एक तिकीट, दोन्हींचा भाव वर्षानुवर्षं जवळपास सारखा चालत आलाय, हे १९८० साली तिथल्या एकानं दाखवून दिलं. गंमत कसली, अर्थशास्त्र आहे ते! कामावर जायचं भाडं आणि कामावर उभं राहण्यापुरतं अन्न, दोन्ही एकाच खिशातून जातात. तो खिसा जेवढा ताणतो तेवढाच भाव ताणतो. २००८ च्या मंदीत लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्याच शहरात एका डॉलरला तुकडा देणारी दुकानं फोफावली. धंदे बुडत होते तेव्हा हा वर आला. लोक तंगीत आले की पिझ्झा चालतो. घरी रांधायला वेळ उरला नाही, तरी चालतो.

उरलेलं निम्मं उत्तर भांडवलाच्या हुशारीत आहे. १९६० साली मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी, विद्यापीठाच्या बाजूला, टॉम आणि जेम्स मोनाहन या भावांनी एक दुकान घेतलं. पुढे त्याचं डॉमिनोज झालं. बसायची जागा नाही म्हणजे भाडं कमी, वेटर नाही, भांडी घासणं नाही. कणीक एका मोठ्या स्वयंपाकघरात मळून दुकानोदुकानी पोचवायची. सरकत्या पट्ट्यावरच्या भट्टीत पिझ्झा कच्चा जातो आणि काही मिनिटांत भाजून बाहेर येतो. कसलेला आचारी लागत नाही, नवं पोर चार दिवसांत तयार होतं. वर घडीचा पुठ्ठ्याचा खोका. सामानात सगळ्यात जास्त काय, तर पीठ आणि पाणी. असा आहे स्वस्ताईचा हिशेब. चीजचीही एक गोष्ट ऐका. अमेरिकन सरकारच्या देखरेखीखाली दूधधंद्याची वर्गणी गोळा करणारी एक संस्था आहे. दुधाचा खप वाढावा म्हणून तिनं याच कंपनीच्या जादा चीजवाल्या पिझ्झ्याच्या जाहिरातीला १.२ कोटी डॉलर लावले. २०१० साली हे वर्तमानपत्रात आलं. म्हणजे 'लोकांनाच आवडतं हो' एवढ्यावर गाडी चालत नाही. तिला मागनं धक्काही असतो.

आणि वेळेचा हिशेब? तो पोराच्या अंगावर. तीस मिनिटांत आला नाही तर फुकट, अशी हमी होती. १९९३ ला सेंट लुइसच्या ज्यूरीनं अपघातात जखमी झालेल्या एका बाईला जवळपास ८ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. पुढे तडजोडीत रक्कम घटली, पण अमेरिकेत ती हमी त्याच वर्षी बंद झाली. मग ती कुठे राहिली? आपल्याकडे. डॉमिनोज भारतात आलं १९९६ ला. आज अमेरिकेबाहेर त्यांची सगळ्यात जास्त दुकानं आपल्याच देशात आहेत, दोन हजारांवर. २०२२ च्या डिसेंबरात तर काही शहरांतल्या काही भागांत वीस मिनिटांचा वायदा सुरू झाला. तिकडे जे महाग पडलं ते इकडे जाहिरात झालं, कारण इकडे पोराचं हाड स्वस्त आहे.

तर मग आपली पोरं हा पिझ्झा का खातात? मी माझं सांगतो. उपनगरात आम्ही चौघं एका खोलीत भाड्यानं राहायचो. मालकानं आडनावं विचारली, मग म्हणाला, 'अंडंसुद्धा शिजवायचं नाही हां, वास येतो.' गॅस ठेवायला तर बंदीच. शनिवारी चौघांनी पैसे काढायचे, चिकनवाला एक मागवायचा, खिडकी लावून घ्यायची आणि एकाच खोक्यात चार हात. फोडणी नाही, धूर नाही, कुकरची शिट्टी नाही. खाऊन झालं की खोक्याची घडी करून बॅगेत टाकायची आणि सकाळी स्टेशनच्या कचरापेटीत. सोय सोय म्हणतात ती ही! ज्यांना स्वतःच्या भाड्याच्या खोलीत स्वतःचं अन्न शिजवायचा हक्क नाही, त्यांना हा खोका स्वयंपाकघर वाटतो. शहरात अशा खोल्या किती असतील! आमच्या पोरांना बिघडलेली म्हणण्याआधी त्या मालकाला जाब विचारा.

पण म्हणून 'पिझ्झ्याला जात नसते' असला गोड गैरसमज कुणी करून घेऊ नये. नेपल्सचा तुकडा आपल्या वेशीत शिरला आणि त्यालाही सोवळं नेसवलं गेलं. जैन टॉपिंग आलं. शुद्ध शाकाहारी दुकानं आली. उत्तरेत नवरात्रात अनेक शाखांतनं मांस, कांदा, लसूण हद्दपार झालं. २०१९ ला जबलपूरच्या एका गिऱ्हाइकानं, अन्न आणणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डरच सोडून दिली. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतली वेगळी पोरं काढली. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे गेले, वेगळी फौज मात्र मागे घेतली नाही. अन्न खोक्यात बंद, तरी आणणाऱ्याचा हात बाटवतो! टॉवरमध्ये त्याला मालवाहू लिफ्ट दाखवतात. पिझ्झा पाहुण्यांच्या लिफ्टनं गेला असता तर गार झाला असता काय?

बाबासाहेबांनी १९३६ ला 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट लिहून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. एका खोक्यातले आठ तुकडे आठ जातींच्या आठ पोरांनी वाटून खाल्ले, बरंच झालं. पण नवव्यानं तो खोका भर पावसात दुचाकीवरून आणलाय. वीस मिनिटं जिवावर उदार होऊन. तो कोण, कुठल्या वस्तीतला, याचा हिशेब कंपनी सांगत नाही. आपण आपापल्या वस्तीत मोजला तर घरटी एक तरी निघेल. गिऱ्हाईकही आपलं पोर आणि आणणारंही आपलंच पोर. हा भाऊ त्या भावाला एका ताऱ्याचं रेटिंग देतो आणि कंपनी त्याची रोजी कापते. काय राव, भांडणं लावायची केवढी स्वस्त युक्ती!

राजस्थाननं २०२३ ला अशा कामगारांसाठी कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग कामगारांच्या निधीत टाकायची तरतूद आहे. कागदावर अक्षरं आली, ठीक. पैसा पोराच्या हातात पडेपर्यंत मानगुटीवर बसायचं काम आपलं.

तेव्हा दोस्तांनो, पिझ्झा खा. खुशाल खा, लाजू नका, वजडीही खा आणि भाकरीही. पण दारात आलेल्या पोराला पाणी विचारा. सोसायटीत राहायला गेला असाल तर त्याला त्याच लिफ्टनं वर आणा, नाही म्हणणाऱ्याशी भांडा. पाच मिनिटं उशीर झाला तर तारा कापू नका. वस्तीतल्या दुचाकीवाल्या पोरांची यादी करा, संध्याकाळी एकत्र बसवा, मिनिटं, पेट्रोल, अपघात, कापलेली रोजी, सगळं वहीत मांडा. ती वही हातात घेऊन आपण कंपनीच्या दारात जाऊ. टोपलं घेऊन नाही, हिशेब घेऊन.