न वापरताही थकणारी बॅटरी

आमची अक्का बेज्जूरला राहते. भाऊजींच्या नोकरीमुळे तिकडे गेली, आणि ते गेल्यानंतरही तिने ते घर सोडले नाही. बेज्जूर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली.

मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन लागेना. बाहेर रणरणते ऊन, घरात ती एकटी. संध्याकाळी सात वाजता शेजाऱ्यांच्या फोनवरून तिचा आवाज आला, "अरे, मला काय धाड भरलीय? ब्याटरी अयिपोयिंदि!" तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

पुढच्या आठवड्यात मी तिकडे गेलो. अक्का म्हणाली, "दोनच वर्षं झाली फोन घेऊन. मी काही त्यावर सिनेमे बघत नाही. मग बॅटरी कशी गेली?" फोन पत्र्याच्या पडवीत, दिवसरात्र चार्जरला लावलेला! का, तर "तुमचा फोन येईल तेव्हा बंद नको."

वाचकहो, गोम इथेच आहे. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे कण ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. ग्रॅफाइटवर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर धरतो. तो हवाच, पण हळूहळू जाड होताना तो थोडे थोडे लिथियम गिळतो. ते पुन्हा कामाला येत नाही. प्रत्येक फेरीत ग्रॅफाइट फुगते, आकसते, थराला तडे जातात आणि तिथे नवा थर धरतो. ही झाली वापराची झीज. पण फोन नुसता पडून असला तरी थर वाढतच राहतो. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी या दोन्ही गोष्टी त्याला खतपाणी घालतात.

२५ अंशांत, ४० टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता वर्षाने साधारण ९६ टक्के उरते. ४० अंशांत, पूर्ण भरून ठेवली तर जेमतेम ६५. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

गेलेली क्षमता परत येत नाही. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसारखी ही पूर्ण रिकामी करण्याचीही गरज नाही. २० ते ८० टक्क्यांत ठेवावी, चार्जिंग सावलीत करावे आणि फुगलेली बॅटरी लगेच बदलावी.

कागजनगरहून नवी बॅटरी बसवून आणली. फोनची जागा आता आतल्या खोलीत, माठाजवळच्या फडताळात आहे. पण खरी चूक आमची होती. आमचा फोन कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून ती बिचारी तो सतत भरून ठेवत होती. आता आम्हा भावंडांनी वेळ ठरवली आहे, रोज संध्याकाळी सात. आणि शेजाऱ्यांचा नंबरही लिहून घेतला आहे.