इंजिनाची जागा आधी शाफ्टला विचारा

ब्रिटनमध्ये सुटे भाग आणून घरच्या गॅरेजात गाडी उभी करण्याची परंपरा जुनी आहे. 1959 साली आलेल्या मिनीने इंजिन आडवे बसवले. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच जोडणीत आले. ही अख्खी जोडणी चालकाच्या पाठीमागे ठेवली की कमी खर्चात मिड-इंजिन गाडी तयार होते, हे 1967 च्या कॉक्स जीटीएमने दाखवले. इंजिन मागच्या चाकांच्या पुढे राहते आणि त्याला चिकटलेले डिफरन्शियल चाकांच्या रेषेत येते. आजही अशी किट कार बांधणारे हाच मार्ग धरतात. मात्र त्यातले बरेचजण क्रम उलटा लावतात: आधी इंजिन जागेवर बसवायचे, त्याचे माउंटिंग वेल्ड करायचे आणि शेवटी डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ताकद नेणारा, दोन्ही टोकांना सांधे असलेला ड्राइव्ह शाफ्ट उरलेल्या अंतरात मावेल तसा करून घ्यायचा. हा क्रम चुकीचा आहे. मिड-इंजिन गाडीत इंजिनाची जागा शाफ्टच्या कोनावरूनच ठरली पाहिजे.

इंजिन पुढे सरकवण्याचा मोह का होतो, हे कळण्यासारखे आहे. मागच्या चाकांवर भार जास्त असतो, तो थोडा पुढे गेला तर वळणावर गाडी अधिक आटोक्यात राहील, असा विचार त्यामागे असतो. पण हिशेब मांडून पाहावा. इंजिन आणि गिअरबॉक्सचे वजन 150 किलो, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2300 मिलिमीटर धरले, तर इंजिन 50 मिलिमीटर पुढे नेल्याने पुढच्या चाकांवर जाणारा भार जेमतेम सव्वातीन किलो. 700 किलोच्या गाडीत हा अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक. याउलट 15 किलोची बॅटरी मागून दोन मीटर पुढे, नाकाशी नेली तर 13 किलो भार पुढे जातो आणि एकाही सांध्याला त्याची झळ लागत नाही.

आता त्याच 50 मिलिमीटरची किंमत पाहू. इंजिनाबरोबर डिफरन्शियलही चाकांच्या रेषेपुढे सरकते, म्हणून दोन्ही टोकांच्या सांध्यांमधले आडवे अंतर 400 मिलिमीटर असेल, तर शाफ्ट वरून पाहताना सात अंशांनी तिरका होतो. आडव्या इंजिनात डिफरन्शियल सहसा गाडीच्या मध्यावर नसते. त्यामुळे एका बाजूचा शाफ्ट आखूड पडतो. तो 300 मिलिमीटरचा असेल तर कोन साडेनऊ अंशांवर जातो. त्यातच खड्ड्यात चाक 60 मिलिमीटर खाली लटकले, तर 400 मिलिमीटरच्या शाफ्टचाही एकूण कोन 11 अंश होतो. वरून दिसणारा आणि चाक लटकल्याने येणारा हे दोन कोन बांधणारा वेगवेगळे मोजतो, सांध्याला मात्र ते एकत्र सोसावे लागतात. खड्डा मागे पडतो, वरून दिसणारा सात अंशांचा तिरकेपणा मात्र गाडी आहे तोवर राहतो. ताशी 100 किलोमीटर वेगाला लहान चाक मिनिटाला 900 च्या वर फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टच्या टोकाला असलेल्या सीव्ही जॉइंट या सांध्यातले गोळे आपापल्या खाचांतून मागेपुढे सरकतात. कोन वाढला की हे सरकणे वाढते, त्याबरोबर उष्णता आणि झीजही. आतल्या बाजूला तीन रोलरचा सांधा असेल, तर जोर लावताना मोठ्या कोनात तो गाडीला थरथरवतो. साधा क्रॉस जॉइंट वापरला, तर 20 अंशांच्या कोनात शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे सहा टक्क्यांनी वरखाली होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: पुढच्या चाकांनी चालणाऱ्या साध्या मोटारीत बाहेरचा सांधा 40 अंशांपलीकडे वळतो, मग सात-आठ अंशांचा बाऊ कशाला? तो सांधा तेवढा वळतो स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर, म्हणजे संथ वेगात आणि काही क्षणांपुरता. आतल्या, शाफ्टच्या लांबीतला फरक सामावून घेणाऱ्या सांध्याची मर्यादा त्याहून बरीच कमी असते आणि चाक लटकल्यावर त्याचीच कसोटी लागते. शर्यतीच्या गाड्यांतही तिरके शाफ्ट दिसतात, पण तिथे भाग वरचेवर उघडून तपासले आणि बदलले जातात. घरी बांधलेल्या गाडीच्या मालकाला ती वर्षानुवर्षे रस्त्यावर चालवायची असते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. केबिनची मागची भिंत, इंजिनाचे झाकण आणि बॉडीतल्या चाकांच्या कमानी आधीच ठरलेल्या असतात, तेव्हा निवडीला वाव उरतोच कुठे? उरतो, पण माउंटिंग वेल्ड होईपर्यंतच. म्हणून चाकाचे हब आणि डिफरन्शियलची टोके आधी जागेवर टांगून, सस्पेन्शन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन कोन आणि शाफ्टची लांबी मोजावी. दोन-तीन अंशांचा तिरकेपणा खुशाल चालू द्यावा, कारण क्रॉस जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुयांना थोडी हालचाल लागतेच. त्याहून जास्त कोन येत असेल, तर भिंत कापणे पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा स्वस्त पडते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या बांधतात, त्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. बरेच संघ मोटारसायकलचे इंजिन वापरतात, चाकणला बनणारे केटीएम 390 त्यात लोकप्रिय आहे. तिथे ताकद चेनने वेगळ्या डिफरन्शियलकडे जाते, म्हणून इंजिन हवे तिथे ठेवून डिफरन्शियल चाकांच्या रेषेत आणता येते. किट कारवाल्याला न मिळणारे हे स्वातंत्र्य हाती असताना केवळ चॅसीच्या नळ्या सोयीच्या पडतात म्हणून शाफ्ट तिरके ठेवणाऱ्या संघाला त्याचा जाब विचारला पाहिजे, आणि तोही आराखडा कागदावर असतानाच.