कुठलं शास्त्र?



मराठीत ‘शास्त्र’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. वडाला दोरा का गुंडाळायचा, तर ‘शास्त्र असतं ते’. आणि मुलं शाळेत शिकतात तेही शास्त्रच: जीवशास्त्र, रसायनशास्त्र. पहिल्यात ‘का?’ विचारलेलं खपत नाही, दुसऱ्याची सुरुवातच ‘का?’पासून होते. पण शब्द एक असल्याचा फायदा घेऊन बायकांच्या माथी काय काय मारलं जातं, ते एकदा नीट बघू या.

फेब्रुवारी २०२० मध्ये इंदुरीकर महाराजांचं कीर्तन गाजलं. सम तिथीला स्त्रीसंग झाला तर मुलगा होतो, विषम तिथीला झाला तर मुलगी, असं त्यांनी सांगितलं. टीका झाल्यावर दिलगिरीचं पत्रही काढलं. संगमनेरच्या वकील आणि अंनिसच्या कार्यकर्त्या रंजना गवांदे यांनी मात्र पिच्छा सोडला नाही आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने २०२१ साली तो रद्द केला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ साली तो पुन्हा उभा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

मला खटल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो महाराजांच्या पाठीराख्यांचा बचाव. ‘हे त्यांचं मत नाही, ग्रंथात आहे, आयुर्वेदात आहे’ असा तो बचाव होता. ग्रंथात आहे हे खरंच आहे. पण ग्रंथात आहे म्हणजे ते खरं आहे, असं कसं?

तिथीचंच बघा. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. स्त्रीबीज जेमतेम दिवसभर टिकतं. म्हणजे संबंध चतुर्थीला आला आणि गर्भ सप्तमीला राहिला, असं सहज घडू शकतं. मग मोजायची कुठली तिथी? आणि काहीही न पाळता शंभरातल्या पन्नास-एक्कावन्न जणींना मुलगाच होतो. त्या पेढे वाटतात आणि महाराजांचं नाव सांगतात. उरलेल्या गप्प बसतात, नाहीतर त्यांना ऐकवलं जातं की तुमचंच काहीतरी चुकलं असेल. कधीच खोटं पडू शकत नाही असा हा धंदा आहे. औषध लागू पडलं तर वैद्याचं श्रेय, नाही पडलं तर सुनेचा दोष.

१९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाची एक बाई पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसली होती. तिला दिसलं की मादीत वीस मोठी गुणसूत्रं आहेत, आणि नरात एकोणीस मोठी व एक अगदी छोटं. पिल्लू नर होणार की मादी, हे नराकडून येणाऱ्या या छोट्या गुणसूत्रावर ठरतं. माणसातही असंच असतं, हे आता दहावीच्या पुस्तकात आहे. मुलगी झाली म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईची केस आपल्या केंद्रांवर घेताना हे एक वाक्य आपण किती वेळा उच्चारलं असेल! नवऱ्याने मान डोलवायची, सासूने पदर तोंडाला लावायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा कुठल्यातरी वैदूकडून पुडी आणायची.

पण नुसतं वैदूला हसून काय उपयोग? २०१७ साली उघड झालं की आपल्या राज्यातल्या आयुर्वेद पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात मुलगा होण्याचे उपाय दिलेले आहेत. गोठ्यात वाढलेल्या वडाच्या पूर्वेकडच्या-उत्तरेकडच्या फांद्यांचे कोंब, उडीद आणि पांढरी मोहरी दह्यात कालवून पुष्य नक्षत्रावर घ्यायची. किंवा सोन्या-चांदीची वा लोखंडाची छोटी पुरुषाकृती लाल होईपर्यंत तापवून दुधादह्यात बुडवायची आणि ते प्यायचं. चरकसंहितेत हे आहे आणि वैद्यकाच्या इतिहासात ते जरूर शिकवावं. पण उद्या दवाखाना घालणाऱ्या मुला-मुलींना उपचार म्हणून?

त्याच वर्षी आरोग्य भारतीच्या ‘गर्भ विज्ञान संस्कारा’ची बातमी आली. सावळ्या, बुटक्या आईबापांनाही गोरी, उंच ‘उत्तम संतती’ होईल, ग्रहमान बघून संबंध ठेवा, असा दावा. विज्ञान हा शब्द नावातच! आपल्याकडचे गर्भसंस्काराचे वर्ग इतकं टोकाचं बोलत नसतील, पण चक्रव्यूह ऐकणारा अभिमन्यू तिथेही असतोच. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. त्यांच्या गर्भाला आधी मंत्र हवा की लोहाची गोळी आणि भाकरीवर मूठभर भाजी?

पूर्वी ‘पाप लागेल’ म्हटलं की भागायचं. मुली शिकल्या आणि पापाला हसू लागल्या. तेव्हा सनातनी माणसाने सोवळं उतरवून पांढरा कोट चढवला. आता ‘पाप’ म्हणत नाहीत, ‘ऊर्जा’ म्हणतात, ‘कंपनं’ म्हणतात, ‘परदेशात सिद्ध झालंय’ म्हणतात. पापाला न भिणारी मुलगी याला मात्र भिते, कारण पोटात बाळ असताना कोण धोका पत्करणार? ग्रहणात भाजी चिरून दाखवणाऱ्या गरोदर बायकांचं कौतुक म्हणूनच जास्त.

हे लिहिणारी बाई नास्तिक आहे. वस्तीतल्या बहुतेक मैत्रिणी नाहीत. त्यांनी उपास सोडावेत असा माझा हट्ट नाही, पण मी माझं मत गिळावं हेही मला मान्य नाही. ‘बायका बिथरतील, देवाधर्माचं नको’ हा सल्ला आपल्या बैठकांत नेहमी मिळतो. देवाधर्माला आमचा विरोध नाही असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. सौम्य बोललं की निभावतं, हा भ्रम तरी नको. देव मानायचा की नाही हा जिचा तिचा प्रश्न. तिच्या गर्भाशयाबद्दल कुणी विधान केलं, तर ते खरं की खोटं हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

आणि हे एकाच धर्माचं दुखणं नव्हे. दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींची खतना ‘स्वच्छतेसाठी’ म्हणून समर्थनीय ठरवणारे आहेत. जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते की तिचा आरोग्याला कसलाही लाभ नाही, नुकसानच आहे. याविरुद्ध पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्याच समाजातल्या बायकांनी, आणि घरच्यांचा रोष पत्करून.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, आणि १९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात दंड भरला. स्त्री-पुरुष संबंधांवर मोकळेपणाने लिहिणं अश्लील ठरलं. मुलगाच कसा होईल हे भर मांडवात सांगणं मात्र प्रबोधन!

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २०११ साली ८९४. सोनोग्राफीवर आपण बोट ठेवलं ते बरोबरच होतं. आपल्या चळवळीच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ साली केंद्राचा झाला. २००० साली मासूम, सेहत आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. त्यातलं कलम २२ सगळ्यांनी वाचावं. लिंगनिवडीच्या जाहिरातीला तिथे बंदी आहे, मग मार्ग शास्त्रीय असो वा आणखी कुठला. म्हणजे पुडी, तिथी, ताईत, सगळंच आलं.

तेव्हा गावात असा मांडव पडला, भिंतीवर ‘हमखास पुत्रप्राप्ती’ रंगवलेलं दिसलं, मोबाइलवर चित्रफीत आली, तर तारीख-वार, ठिकाण आणि नेमके शब्द लिहून ठेवा. ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि कारवाई न झाल्यास आपण कोर्टात जाणार आहोत हेही त्यातच लिहा. पंधरा दिवस वाट बघून आपल्याला, संघटनेलासुद्धा, थेट न्यायालयात फिर्याद करता येते. पोच मात्र जपून ठेवा, पुढचं सगळं त्या कागदावर अवलंबून असतं.