गोलार्धांचे मिथक

रग्बीविषयीच्या लेखनात एक विधान वर्षानुवर्षे उगाळले जात आहे. उत्तर गोलार्धाचा खेळ चिखलातला, सावध, लाथेने गुण मिळवणारा. दक्षिण गोलार्धाचा मोकळा, धावता, प्रतिभेचा. साहित्याच्या अभ्यासकांना ही मांडणी ओळखीची वाटावी. प्रदेश आणि हवामान यांवरून एक 'वृत्ती' ठरवायची आणि मग प्रत्येक कृती त्या वृत्तीचा पुरावा म्हणून वाचायची, ही समीक्षेची जुनीच खोड आहे. ती साहित्यात जितकी दिशाभूल करते, तितकीच येथेही करते.

मुळात ही मांडणी तथ्यांपुढे टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेने चार विश्वचषक जिंकले. त्यांपैकी १९९५, २००७ आणि २०२३ या तीन अंतिम सामन्यांत त्या संघाने एकदाही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला नाही. सारे गुण लाथेचे. धावत्या खेळाचा गोलार्ध तो हाच काय?

खरा फरक पडला तो मालकीचा. जून १९९५ मध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या रग्बी संघटनांनी रुपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांचा, सुमारे ५५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण-करार केला. ऑगस्टमध्ये हौशीपणाचे बंधन अधिकृतपणे उठले. दक्षिणेत पैसा राष्ट्रीय संघटनांकडे आला आणि त्यांनीच खेळाडूंना करारबद्ध केले. देशाबाहेर खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात न घेण्याचा, न्यूझीलंडने वर्षानुवर्षे पाळलेला नियम याच सत्तेतून आला. इंग्लंड-फ्रान्समध्ये मात्र खेळाडू क्लबांचे नोकर झाले आणि क्लब धनिकांचे. चित्रकथांच्या प्रकाशनातून श्रीमंत झालेल्या मुराद बुजेलाल यांच्या तुलाँ क्लबाने देशोदेशीचे नामवंत जमवून २०१३ ते २०१५ अशी सलग तीन युरोपीय अजिंक्यपदे मिळवली. अशा व्यवस्थेत राष्ट्रीय संघ ही काही आठवड्यांची उसनवारी ठरते.

यावर उत्तर दिले जाते ते असे: २०२३ पर्यंतच्या दहा विश्वचषकांपैकी नऊ दक्षिणेचे, इंग्लंडचा फक्त २००३ चा, मग वृत्तीचा फरक नाही कसा? आयर्लंडकडे पाहावे. देश उत्तरेचा, पण तेथील चार प्रांतिक संघ राष्ट्रीय संघटनेच्या अखत्यारीत. २०२२ मध्ये आयर्लंडने न्यूझीलंडला त्यांच्याच भूमीवर कसोटी मालिकेत २-१ असे हरवले. त्या संघातले जेम्स लो आणि जेमिसन गिब्सन-पार्क जन्माने न्यूझीलंडचेच! अक्षांश तोच राहिला. व्यवस्था वेगळी होती. उलट इंग्लंडमधील वुस्टर आणि वॉस्प्स हे क्लब २०२२ मध्ये आणि लंडन आयरिश २०२३ मध्ये कर्जाखाली कोसळून सर्वोच्च स्पर्धेतून बाहेर पडले. दक्षिण आफ्रिकेचे प्रमुख प्रांतिक संघ तर २०२१ पासून आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांबरोबर स्पर्धा खेळू लागले. ज्या दक्षिणेच्या 'वृत्ती'चे गोडवे गायले जातात, ती दक्षिण तरी एकसंध कोठे आहे?

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून गंभीर आहे. 'दक्षिण' या एका शब्दाखाली सामोआ, टोंगा आणि फिजी झाकले जातात. १९९५ च्या उपांत्य सामन्यात इंग्लंडची फळी उद्ध्वस्त करणारा जोना लोमू ऑकलंडमध्ये जन्मला, आईवडील टोंगाचे. त्याच्या खेळाची गणना 'दक्षिणेच्या प्रतिभे'त झाली, मिळकत टोंगाच्या वाट्याला आली नाही. १९९१ मध्ये वेल्सला कार्डिफमध्ये हरवणाऱ्या सामोआच्या भूमीवर न्यूझीलंडचा संघ पहिली कसोटी खेळला तो २०१५ मध्ये. सामन्याच्या तिकिटांचे उत्पन्न यजमानाकडेच राहण्याची परंपरा असल्यामुळे, सतत पाहुणा म्हणून खेळणारा देश सतत गरीबच राहतो. त्याचे खेळाडू फ्रान्सचे क्लबही नेतात आणि न्यूझीलंडची संघटनाही.

म्हणजे या बेटांच्या दृष्टीने दोन्ही गोलार्ध एकच आहेत. वृत्तीची भाषा सोयीची वाटते ती यामुळेच. तिच्यात प्रतिभेचे कौतुक करता येते आणि त्या प्रतिभेचा मोबदला कोणाच्या तिजोरीत गेला, हे विचारावे लागत नाही. तो प्रश्न टाळणारी समीक्षा, मग ती खेळाची असो वा साहित्याची, आम्हांला मान्य नाही.